एकवीस दिवसांची मैत्री

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायला नको. माझी आई म्हणायची, बाकीची पोरं जन्मली ती रडत, ही जन्मली ती भांडत. आमच्या या उसाच्या बेटावर, ब्रीझे वेर्दिएर गावी, माझ्या माहेरच्या घरात सात बायका होत्या, आणि सातजणींत जिचा आवाज मोठा तिचं भांडं आधी चुलीवर चढायचं. तो आवाज घेऊनच मी सें पिएरला नांदायला आले.

सासर लहान. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर उसाच्या मळ्यात राबून आता घरी बसलेले. माझा नवरा साखर कारखान्यात फिटर, दीर टपाल खात्यात. अंगण एकच, इथे त्याला सगळे लाकूर म्हणतात. त्या लाकूरच्या दोन टोकांना दोघा भावांची दोन पत्र्याची घरं, दोन चुली, आणि मधल्या खोलीत मामंजी. पुढे दिराचं लग्न झालं आणि प्लेन दे पपायहून धाकटी जाऊ आली. तिचं नाव सांगत नाही. दोघी अजून हयात आहोत आणि दोघींच्या जिभा शाबूत आहेत.

भांडण झालं मोदकावरून. हसू नका. आमचं हे बेट स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, लोक मोठमोठ्या गोष्टींवरून भांडत होते, आणि आम्ही मोदकावरून.

आमच्या घरातली रीत अशी की चतुर्थीला घरातल्या सगळ्या सुनांनी सासूबाईंच्या पितळी परातीत एकत्र उकड मळायची आणि त्याच परातीभोवती बसून मोदक वळायचे. धाकटीचा तो पहिलाच गणपती. तिचे वडील, आत्या, चुलत भाऊ, सगळे प्लेन दे पपायहून जेवायला आलेले. मी माझे मोदक वळले, तिने तिचे वळले. तिचे मोदक म्हणजे काय सांगू! कळ्या नाहीत, टोक नाही, उकड जाड, आणि वाफवल्यावर टणक. पंगतीत माझ्या ताटात नेमका तिचा मोदक आला. मी दाताखाली घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अय्यो, हा दगड दातानं फुटायचा नाही. कारखान्यात पाठवा, उसाबरोबर चरकात घाला!"

पंगत खो खो हसली. मीही हसले. मला वाटलं, काय पण बोलले मी! धाकटी हसली नाही. तिचे वडीलही हसले नाहीत, खाली मान घालून त्यांनी आपल्या ताटातला तसलाच मोदक संपवला. संध्याकाळी भांडी घासताना धाकटी मला म्हणाली, "जाऊबाई, आजपासून तुमच्या परातीत माझा हात पडणार नाही." मी म्हटलं, "नको पडू दे, दात तरी वाचतील." झालं. तिथून जवळजवळ वर्षभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

म्हणजे अगदीच बोललो नाही असं नाही. आम्ही कोंबड्यांमार्फत बोलायचो. मी माझ्या कोंबडीला म्हणायची, "काही लोकांना दोरीवरचे कपडे वेळेवर काढायला काय होतं गं?" पलीकडून ती तिच्या कोंबडीला सांगायची, "दोरी काय कुणी माहेराहून आणली आहे?" दोघे भाऊ मात्र संध्याकाळी एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि आमच्याकडे बघायचं टाळत. सें पिएरला पाऊस झिमझिम पडत राहतो, कपडे वाळत नाहीत, त्यामुळे विषयांना तोटा नव्हता.

पुढची चतुर्थी महिन्यावर आली. मामंजी सवयीने नदीकाठची माती खणून घेऊन आले. आमच्या घरी गणपती विकत आणत नाहीत. मामंजींचा आजा कोकणातून बोटीने आला, तेव्हापासून गणपती घरच्या माणसाने घरच्या हातांनी करायचा. माती गोणीत भरून, ओली राखून, दोन-तीन आठवडे मुरवायची, मग मूर्ती करायला बसायचं. मामंजींचे हात आता थरथरू लागले होते. दर वर्षी वाटायचं, यंदा होईल ना त्यांच्याच्यानं? त्यांनी गोणी न्हाणीमागच्या छपराखाली ठेवली, हात धुतले आणि आम्हा दोघींना अंगणात बोलावलं.

"ऐका गो दोघी," ते म्हणाले. "त्या परातीत मला चार हात दिसले, तर मी मातीला हात लावीन. नाही तर यंदा या घरात गणपती बसणार नाही. वादळात छप्पर उडालं होतं तेव्हाही तो बसला होता. पण फुटलेल्या घरात मी त्याला बसवणार नाही." एवढं बोलून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

नवरा म्हणाला, "तूच बोल की आधी. थोरली आहेस."

"थोरली आहे म्हणूनच नाही बोलणार!" मी म्हटलं. "थोरलीनं वाकायचं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

पण त्या दिवसापासून झोप उडाली. शंभर वर्षांवर न चुकलेला गणपती माझ्या एका वाक्यामुळे चुकणार होता, आणि ते वाक्य परत गिळता येत नव्हतं.

आता आमच्या कोपऱ्यावरच्या चिनी दुकानाचं सांगते. तांदूळ, खारी मासळी, रॉकेल, दोरा, सगळं तिथे मिळायचं. दुकान चालवायची एक विधवा बाई. सगळं गाव तिला तांतीन म्हणायचं, म्हणजे मावशी. एके सकाळी रॉकेल संपलं म्हणून मी बाटली घेऊन गेले. फळ्या अर्ध्याच उघडलेल्या. आत तांतीन तांदळाच्या गोणीवर ताठ बसली होती, डोळे मिटून, आणि मागे बुद्धाच्या छोट्या तसबिरीपुढे उदबत्ती. मी फळी ठोकली. हूं नाही की चूं नाही. आणखी जोरात ठोकली. शेवटी ओरडले, "घरी माझी चूल थंड पडलीय आणि तुम्ही झोपा काढता?"

तिने डोळे उघडले, हसली आणि म्हणाली, "दूसमां, पोरी, दूसमां." दूसमां म्हणजे हळू, सावकाश. आमच्या क्रेओलमधला हा शब्द मला जन्मापासून सगळ्यांनी ऐकवला होता. पण तिने तो रॉकेल ओतता ओतता इतक्या मायेनं म्हटला की मला तिथेच रडू कोसळलं. सगळं सांगून टाकलं तिला. पंगत, मोदक, परात, मामंजी.

तिने मला दुसऱ्या गोणीवर बसवलं. म्हणाली, तिची आई तिला पोर्ट लुईच्या पागोड्यात घेऊन जायची, तिथे एका म्हाताऱ्या भिक्खूंनी तिला हे शिकवलं. आधी नुसता श्वास बघायचा. आला, गेला. मग मनात म्हणायचं, मी सुखात असू दे, माझं मन निवांत असू दे. मग हेच आपल्या माणसासाठी. मग ज्याच्याशी देणं ना घेणं अशा कुणासाठी. आणि शेवटी, जिच्याशी वाकडं आहे तिच्यासाठी. ह्याला मैत्री म्हणतात.

"आणि मध्येच राग आला तर?" मी विचारलं.

"दूध चुलीवर ठेवतेस तेव्हा काय करतेस? जवळ उभी राहतेस ना? दुधाला शिव्या देतेस का? रागाजवळ तसंच उभं राहायचं. वर येतंय हे बघायचं आणि जाळ कमी करायचा."

मी घरी आले ती उड्या मारतच. माझ्यासारखीला एकदा एखादी गोष्ट पटली की मग काय विचारता! आणि इथेच मी गोंधळ घातला. तांतीनने मला साधं बसायला सांगितलं होतं, मी त्याचं व्रत केलं. आम्हाला व्रत येतं, दुसरं काय येतं? पाट मांडला, रांगोळी घातली, लसूण-कांदा बंद केला, रोज एकवीस तांदळाचे दाणे वाटीत टाकायचे ठरवले. गणपतीला एकवीस मोदक, तर मैत्रीला एकवीस दिवस. एकविसाव्या दिवशी धाकटीने माझ्या दारात यायचं, "जाऊबाई, चुकले" म्हणत पाया पडायचं, आणि मी मोठ्या मनानं तिला उठवायचं. मग उद्यापन. मामंजींना मूर्तीला बसायला बरोबर आठ दिवस उरत होते. सगळा हिशेब चोख.

पण खरं सांगते, ते दिवस गमतीचे गेले. देणं ना घेणं असा माणूस कुठून आणू? मी उसाच्या लॉरीचा ड्रायव्हर धरला. तोडणीचे दिवस होते, तो रोज आमच्या दारावरून धुरळा उडवत जायचा आणि मी रोज त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आता मी दारात उभी राहून मनात म्हणू लागले, बाबा, तू सुखात अस. चार दिवसांनी माझ्या नकळत मी त्याच्याकडे बघून हसले. त्याने दचकून लॉरी हळू केली. आठवड्याने तो आमच्या दारासमोर आपणहून वेग कमी करू लागला, आणि माझे कपडे पहिल्यांदा धुरळ्याशिवाय वाळले. नवरा म्हणाला, "तुझं आणि त्या ड्रायव्हरचं काय चाललंय?" मी म्हटलं, "मैत्री!" आणि त्याचा चेहरा बघून इतकी हसले की डाळ करपली. करपलेली डाळ बघूनही मला राग आला नाही. नवऱ्याने कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना.

दूध मात्र रोज वर यायचं. बसच्या रांगेत कुणी पुढे घुसलं की यायचं, नळावर कुणी बादली सरकवली की यायचं. मी उभी राहायची. दहातल्या चार वेळा उतू जायचं, सहा वेळा नाही. माझ्यासाठी हे सहा म्हणजे फार झाले.

फक्त धाकटीपाशी आले की गाडी अडायची. "ती सुखात असू दे" म्हणायची, आणि लगेच जोडायची, "आणि तिला अक्कल येऊ दे."

एकविसावा दिवस उजाडला. मी न्हाऊन चांगलं लुगडं नेसले, दारात बसले. बरोबर नऊच्या सुमारास धाकटी तिच्या घरातून निघाली आणि सरळ माझ्या दाराकडे आली. मनात म्हटलं, बुद्धा, तू खरा! ती माझ्या पायरीपाशी थांबली, खाली वाकली, आणि माझ्या दारात दाणे टिपणारी तिची कोंबडी उचलून तिला म्हणाली, "चल गं घरी. इथे काय मिळणार तुला?"

दूध उतू गेलं, चूल विझली, घरभर वास! मी त्याच चांगल्या लुगड्यात तरातरा दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर ओरडले, "तांतीन, तुमची मैत्री खोटी निघाली! एकवीस दिवस झाले, काही फळ नाही!"

तांतीनने आधी गिऱ्हाइकाची साखर बांधून दिली. मग विचारलं, "एकवीस कुठून आले?" मी पाट, तांदूळ, उद्यापन सगळं सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली की तिला गोणीवर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाली, "पोरी, तू मैत्री करत नव्हतीस. तू हात पुढे करून बसली होतीस."

मी दुसऱ्या गोणीवर बसले.

"एक सांग," ती म्हणाली. "त्या मुलीला काय आवडतं?"

तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, दिवसभर ती करते काय, मला ठाऊकच नव्हतं. तीस पावलांवर राहत होती ती. मी एकवीस दिवस सुख पाठवत होते, पण कुणाला पाठवत होते हेच मला माहीत नव्हतं.

"जा," तांतीन म्हणाली. "काही म्हणू नकोस, काही मागू नकोस. एक दिवस तिच्याकडे नुसतं बघ."

एक दिवस न बोलता! मी! पण दुसऱ्या दिवशी मी खरंच बघत राहिले. धाकटी पहाटे मामंजींच्या दाराशी चहा ठेवते, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझा नवरा ठेवतो. कपडे वाळत घालताना ती गुणगुणते, आणि मी दिसले की थांबते. ते बघून मला कसंसंच झालं. दुपारी भांडी आवरून ती इकडेतिकडे बघत न्हाणीमागे गेली. मी लिंबाची पानं तोडायचं निमित्त करून मागे गेले.

न्हाणीमागे, लिचीच्या झाडाखाली, ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. पुढ्यात केळीची पानं. आणि पानांवर ओळीने मोदक. शंभरावर असतील. मातीचे.

तिने मामंजींच्या गोणीतली माती घेतली होती. हातात एक पारी होती, ती बोटांनी चुण्या घालत होती आणि पुटपुटत मोजत होती. एक, दोन, तीन, चार. टोक मिटवताना पारी फाटली. तिने मोडली, पुन्हा गोळा केला, पुन्हा सुरुवात. एक, दोन, तीन.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझं डोकंच भडकलं. देवाची माती! मूर्तीची माती हिने खेळायला घेतली! शब्द दातांपर्यंत आले. आणि तेवढ्यात मला दिसलं, दूध वर येतंय. मी उभी राहिले. श्वास आला. गेला. पुन्हा आला. तिकडे तिची पारी पुन्हा फाटली आणि तिने मनगटाने डोळे पुसले. माझं दूध खाली बसलं.

मग मला ओळी नीट दिसल्या. कडेचे सुकून तडकलेले मोदक ओबडधोबड होते. पुढच्या ओळीत कळ्या होत्या, पण वाकड्या. अगदी अलीकडच्या ओळीत सरळ. तिची आई ती सहा वर्षांची असताना गेली होती, बापाने एकट्याने वाढवली होती. हे मला तिचं लग्न ठरलं तेव्हाच कळलं होतं. माझ्या माहेरी मला शिकवायला सात बायका होत्या. हिला मोदक कोण शिकवणार होतं? मी शिकवायला हवं होतं. ते माझं काम होतं. आणि मी काय केलं? तिच्या बापासमोर तिला हसले.

"पारीची कड पातळ कर," मी म्हटलं. "आणि बोटं ओली कर गं. कोरड्या बोटांनी फाटते."

ती ताडकन वळली, हात पाठीमागे लपवले. "जाऊबाई, मी... मामंजींना सांगू नका. तांदळाचं पीठ फुकट घालवायला नको म्हणून माती घेतली."

मी लुगड्यानिशी चिखलात तिच्यासमोर बसले. "चुकलं माझं," मी म्हटलं. "त्या दिवशीही चुकलं आणि नंतरचे सगळे दिवस चुकलं. तुझ्या वडिलांनी तो मोदक खाल्ला ना, तो मला अजून दिसतो."

तिने लपवलेले हात पुढे आणले. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, दगड. म्हटलं, आधी दगडच करून बघू." आणि हसली. मग रडली. मग मी रडले. मग तिने त्याच चिखलाच्या हातांनी माझे डोळे पुसले आणि माझं तोंड बघून आम्ही दोघी इतक्या हसलो की कोंबड्या पळाल्या.

हसू ओसरल्यावर मी गोणीत डोकावले. गोणी तळाला गेली होती. मूर्तीपुरती माती उरलीच नव्हती, आणि नवी आणून मुरवायला आता दिवस नव्हते.

"आता काय गो करायचं?" धाकटी म्हणाली.

मी उठले, मामंजींच्या खोलीत घुसले आणि कुणाला न विचारता खुंटीवरची पितळी परात काढून आणली. सगळे मातीचे मोदक परातीत टाकले. ते मोडताना धाकटीचा हात अडखळत होता. एक मोदक तर तिने मोडलाच नाही, हळूच बाजूला ठेवला. वरून पाणी ओतलं आणि दोघी मळायला बसलो. ती एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, कोपरापर्यंत चिखल. मी तिला उकडीचं सांगत होते, पाणी किती, मीठ किती, आणि ती प्लेन दे पपायच्या तिच्या आत्याच्या नकला करून दाखवत होती. वर्षभर ही बाई इतकी मजेशीर आहे हे मला माहीत नव्हतं.

पाठीमागे खोकला ऐकू आला. मामंजी उभे होते. त्यांनी परातीत बघितलं. मोजल्यासारखे आमचे हात बघितले. धाकटी घाबरून म्हणाली, "मामंजी, ती माती..."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "रोज गोणी हलकी होत होती. उंदीर माती खात नाहीत, बाय." आणि बाह्या सारून ते परातीशी बसले.

मूर्ती झाली. हात थरथरले, पण झाली. सोंड जराशी वाकडी आली. धाकटी म्हणाली, गणपती हसतोय. चतुर्थीला तांतीन आली, लाल कागदात गुंडाळलेली संत्री घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाली, "कितवा दिवस?" मी म्हटलं, "मोजत नाही आता."

प्लेन दे पपायची मंडळीही आली. आरतीच्या वेळी धाकटीचे वडील मूर्तीसमोर वाकले आणि वाकलेलेच राहिले. मूर्तीच्या हातातला मोदक ते बघत होते. तो मामंजींनी केला नव्हता. धाकटीने बाजूला ठेवलेला तोच मोदक मामंजींनी तसाच्या तसा देवाच्या हातावर ठेवला होता. मीही वाकले आणि त्याच्या कळ्या मोजल्या. अकरा होत्या. माझ्या मोदकाला नऊच येतात.